सराफ्यातील रात्र आणि पाव किलोची जिलेबी

उदगीरहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची सीमा ओलांडली, की थोड्याच वेळात कमलनगरचे स्थानक येते. बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हा मुलूख मुंबई राज्याकडे गेला आणि औराद, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. कमलनगर त्या वेळी औराद तालुक्यात होते. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले आहे. सोयरीक उदगीर-लातूरकडे, कचेरीचे काम बीदरला, घरात मराठी, सरकारी कागदावर कन्नड आणि बाजारात या दोहोंना दखनीची फोडणी, असा आमचा संसार. वाचकांपैकी ज्यांची घरे इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना तो अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच, की त्यांचे पूर्वज महाराष्ट्र सोडून दूर गेले. आम्ही जागचे हललो नाही, सीमाच आमच्या अंगणातून गेली.

आमच्या गावाला रात्रीचे खाणे असे फारसे ठाऊक नाही. दिवेलागणीला चुली पेटतात आणि नऊच्या सुमारास निजानीज होते. संध्याकाळी उपाहारगृहात सुशीला आणि मिरचीची भजी मिळते. हे सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली फोडणी; पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना हे नाव ऐकून नेहमी हसू येते. पण रात्री अकराला गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला चहा मिळाला तरी पुष्कळ. भूक ही उजेडातली गोष्ट, अंधारात घराबाहेर खात फिरणे हे जत्रेपुरते क्षम्य, अशीच आमच्याकडील जुन्या माणसांची समजूत. म्हणूनच, जे शहर मध्यरात्री जेवायला बाहेर पडते आणि तेही सोन्याचांदीच्या पेढ्यांच्या ओट्यांवर बसून, त्याचे कुतूहल माझ्या मनात बरेच दिवस होते.

ते शहर म्हणजे इंदूर. माझी भाची तेथे दिलेली आहे. तिच्याकडे जाण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला आणि चार रात्री मुक्काम झाला. त्यांपैकी तीन रात्री मी सराफ्यात काढल्या, हे वाचून आमच्या वयाची मंडळी भुवया उंचावतील. परंतु सौभाग्यवतीही तिन्ही रात्री बरोबर होत्या, हे नमूद केले म्हणजे पुरे.

पूर्वी आमच्या बाजूने इंदूरला जाणे आजच्यापेक्षा एका अर्थी सोपे होते. काचीगुड्याहून पूर्णा, अकोला, खंडवा, महू या मार्गाने मीटर गेजची गाडी थेट राजस्थानपर्यंत जात असे. या मार्गाचा खंडवा-इंदूर हा टप्पा होळकरांच्या पैशांतून उभा राहिला. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. संस्थानिकाने इंग्रजांना कर्ज द्यावे, हा प्रसंग गमतीचाच. त्या जुन्या रुळांच्या जागी आता रुंद रूळ टाकण्याचे काम चालू असल्यामुळे आम्हांला परभणी, मनमाड, खंडवा असे टप्पे घेत शेवटचा पल्ला बसने गाठावा लागला.

इंदूरच्या मध्यभागी होळकरांचा राजवाडा आहे. सात मजल्यांचा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि या वाड्याभोवती पेठा वाढल्या. १९८४ च्या दंगलीत वाड्याचा मोठा भाग जळाला. पुढे त्याची पुन्हा उभारणी झाली. वाड्यापासून दोन-चार मिनिटे चालले, की सराफा बाजार लागतो. दिवसा हा बाजार कोणत्याही शहरातल्या सराफ कट्ट्यासारखाच. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पेढ्या, काचेआड दागिने, तराजू, गादीवर बसलेले शेठजी. रात्री आठ-साडेआठच्या पुढे पेढ्यांची दारे एकामागून एक खाली ओढली जातात. तोवर गल्लीच्या तोंडाशी हातगाड्या, शेगड्या, पराती आणि कढया घेऊन माणसे उभी असतात. दार बंद झाले, की त्याच ओट्यावर दुसऱ्याचा संसार मांडला जातो. अर्ध्या तासात सोन्याचा बाजार तुपाचा होतो आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत तसाच राहतो.

ही प्रथा कशी पडली, याविषयी तेथे एक गोष्ट सांगतात. पेढ्यांतील माल रात्री सुरक्षित राहावा, गल्लीत माणसांचा वावर असावा, म्हणून सराफांनीच खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना ओट्यांवर बसू दिले. दहा पहारेकरी ठेवण्यापेक्षा एक हलवाई बरा, असा हा व्यवहार. गोष्ट पटण्यासारखी आहे. शिवाय माळव्याची रात्र तिच्या गारव्यासाठी पूर्वीपासून नावाजलेली. काशीची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र असे एक वचन उत्तरेत प्रसिद्ध आहे. दिवसभराच्या उन्हानंतर तेथील माणूस रात्री बाहेर पडतो तो हवेसाठी, आणि बाहेर पडल्यावर खातो ते जिभेसाठी.

आता मुख्य विषयाकडे वळतो. सराफ्यात पुष्कळ पदार्थ मिळतात. मक्याचे कणीस किसून तुपावर परतलेला आणि दुधात शिजवलेला ‘भुट्टे का कीस’. हिवाळ्यातच मिळणारा, दोनदा तळून जिरावन मसाला व लिंबू लावलेला गराडू हा कंद. खोबऱ्याचे सारण भरलेली पॅटिस. रबडी, मालपुवा, मावाबाटी. आणि ज्यांच्या दुकानासमोर माणसे खाण्याइतकीच पाहण्यासाठी उभी राहतात तो जोशी यांचा दहीवडा. दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून थेंबही न सांडता झेलायचा, ही त्या दुकानाची ख्याती. परंतु नवख्या पाहुण्याला सर्वांआधी दाखविली जाते ती ‘जलेबा’. पुल्लिंगी नावावरूनच तिचा आकार लक्षात यावा. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जी जिलेबी वाढतात, तशा सहा-सात जिलेब्या एकीत सामावतील एवढी ती मोठी असते. वजन पाव किलोच्या घरात, कधी त्याहूनही अधिक. मोठ्या ताटलीत ठेवली तर ताटलीचा काठ दिसत नाही.

पहिल्या रात्री आम्ही एक घेतली. मी हात पुढे करताच भाची म्हणाली, “मामा, थांबा. ही एकट्यानं खायची नसते. आधी चार जण गोळा करायचे, मग जलेबा मागायचा.”

“आणि एकटाच आलेला असला तर?” मी विचारले.

“तर शेजारच्याला विचारायचं. इथं कुणी नाही म्हणत नाही.”

आणि खरोखरच, आमच्या बाजूला उभ्या असलेल्या, ओळखपाळख नसलेल्या एका तरुण जोडप्याने आमच्या ताटलीतील तुकडा निःसंकोच उचलला आणि आपल्या द्रोणातला कीस आमच्यापुढे धरला.

दुसऱ्या रात्री तुलनेसाठी आम्ही दुसऱ्या गाड्यावर गेलो आणि तिसऱ्या रात्री तिसऱ्या. मी हलवाई नव्हे, परंतु शेजारी उभे राहून पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की मोठी जिलेबी म्हणजे लहान जिलेबीचा नुसता विस्तार नव्हे. जिलेबीचे सारे मर्म तिच्या पोकळ नळीत आहे. मैद्याचे पीठ भिजवून आंबवतात; त्या आंबण्याने तिला किंचित आंबटपणा येतो आणि तळताना आत पोकळी धरते. बाहेरचे कवच कडक झाले, की तिला गरम पाकात सोडतात आणि पाक त्या पोकळीत शिरतो. आकार वाढविण्यासाठी नळी जाड केली, तर बाहेरून तांबूस झालेली जिलेबी आत कच्ची राहते. नळी बारीकच ठेवून नुसते वेढे वाढविले, तर ती उलटताना मधोमध तुटते. म्हणून मोठ्या जिलेबीला आच मंद लागते, वेळ जास्त लागतो, वेढे एकमेकांना चिकटतील असे घालावे लागतात आणि तईतून काढताना दोन सळयांचा आधार द्यावा लागतो. पाकही फार घट्ट चालत नाही. एकतारीच्या पुढे गेला, तर वरच साखरेचा थर धरतो आणि आत कोरडेपणा राहतो.

या कसोट्या लावल्या तर तिन्ही गाड्यांचा निकाल निरनिराळा लागला. पहिल्याची जिलेबी सर्वांत मोठी, पण तिच्या मधल्या वेढ्यांत पीठ जाणवत होते. दुसऱ्याची तुपातली, वासाने मन प्रसन्न करणारी. मात्र पाक इतका, की शेवटचा घास औषधासारखा घ्यावा लागला. तिसरा हलवाई वयस्क होता. त्याची जिलेबी आकाराने तिघांत लहान, तरीही ताटलीभर. ती मोडली तेव्हा कडाड असा आवाज झाला आणि आतला पाक बोटांवर ओघळला. आंबट आणि गोड यांची मात्रा बरोबर जुळलेली. आमच्या सौभाग्यवतींनी, ज्यांचे प्रशस्तिपत्र सहसा मिळत नाही, दुसरा तुकडा मागितला. “यांना थांबायचं कुठं ते कळतं,” एवढाच त्यांचा अभिप्राय. मोठे करण्याच्या नादात कोठे थांबावे हे कळणे, ही मला वाटते हलवाईगिरीपलीकडेही उपयोगी पडणारी विद्या आहे.

इंदुराहून परतल्यावर हा सारा वृत्तांत माझ्या पुतण्याला कळविला. तो अमेरिकेत वॉशिंग्टन येथे नोकरीस आहे. त्याने उलट उत्तरी आपल्या शहरातील रात्रीच्या खाण्याची हकीकत सांगितली, आणि ती तुलनेला इतकी सोयीची आहे, की येथे देण्याचा मोह आवरत नाही.

वॉशिंग्टनमध्ये ॲडम्स मॉर्गन नावाची वस्ती आहे. तेथील अठराव्या रस्त्यावर मद्यगृहे, नाचगाण्याची ठिकाणे आणि देशोदेशींची उपाहारगृहे दाटीने उभी आहेत. वस्तीचे नाव दोन शाळांवरून पडले. ॲडम्स ही गोऱ्यांच्या मुलांची शाळा आणि मॉर्गन ही काळ्यांच्या मुलांची. १९५४ साली शाळांतील वर्णभेद कायद्याने संपुष्टात आला, तेव्हा परिसरातील जाणत्या लोकांनी दोन्ही नावे जोडून वस्तीला दिली. पुढे तेथे लॅटिन अमेरिकेतून आणि इथिओपियातून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. मद्यगृहे आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री दोनला आणि शुक्रवारी-शनिवारी तीनला बंद होतात. मग शेकडो तरुण रस्त्यावर येतात आणि ‘जम्बो स्लाइस’ विकणाऱ्या दुकानांपुढे रांगा लावतात.

ही जम्बो स्लाइस म्हणजे राक्षसी आकाराच्या पिझ्झाचा एक तुकडा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे या प्रकाराची चढाओढ लागली. शेजारीशेजारी दुकाने, आणि मूळची, खरी, पहिली जम्बो स्लाइस आपलीच, अशा पाट्यांची लढाई. आपल्याकडील एकाच गल्लीतील पेढेवाल्यांच्या ‘मूळ दुकान हेच’ या पाट्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या भांडणात नवे काही वाटणार नाही. न्यूयॉर्कमध्येही कोलंबिया विद्यापीठाजवळच्या कोरोनेट नावाच्या दुकानात असाच अवाढव्य तुकडा विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी खाल्ला आहे.

मी जुना गणिताचा शिक्षक. पुतण्याने सांगितलेल्या आकारावरून हिशेब केला. घरी चौघांत खातात तो बारा इंच व्यासाचा पिझ्झा धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस इंच भरते. तीस इंच व्यासाचा पिझ्झा व्यासाने अडीचपट, पण क्षेत्रफळाने सव्वासहा पट, म्हणजे सुमारे ७०७ चौरस इंच. त्याचे आठ भाग केले तर एक तुकडा ८८ चौरस इंचांचा. याचा अर्थ, घरातल्या चौघांच्या पिझ्झाचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग तेथे एका माणसाच्या हातात दिला जातो. तुकड्याची लांबी पंधरा इंच. म्हणून तो टोकाशी लुळा पडतो आणि वरचे चीज घरंगळते. त्यावर तेथील युक्ती अशी, की तुकडा मधोमध उभा दुमडायचा. दुमडला, की तो ताठ राहतो. कागद मधोमध वाकवून हातात धरला तर त्याचे टोक खाली पडत नाही, तेच हे तत्त्व.

“चव कशी?” या माझ्या प्रश्नाला पुतण्याने दिलेले उत्तर प्रामाणिक होते. “काका, दिवसा कुणी तो विकत घेणार नाही. रात्री अडीच वाजता त्याच्यासारखं दुसरं काही नाही.” तुकडे पाठोपाठ भट्टीत गरम होत असतात; पाव जाड, चीज भरपूर, टोमॅटोचा रस बेताचा. दोन-तीन दुकानांत डावे-उजवे करता येते. एका ठिकाणी बूड कुरकुरीत, दुसऱ्या ठिकाणी तेल अधिक. पण रांगेतला माणूस त्या तुलनेसाठी आलेला नसतो. त्याला रात्र संपवायची असते. पुष्कळ जण अर्धा तुकडा खाऊन उरलेला टाकून देतात, आणि शनिवारी पहाटे रस्त्यावर कागदी ताटल्यांचा खच पडतो, असेही त्याने सांगितले.

या दोन बाजारांत मला जो भेद दिसला, तो येथे मांडतो. दोन्हीकडे पदार्थ एकट्याला न संपणारा आहे. पण इंदूरची मोठी जिलेबी चौघांना जवळ आणते. तिचा आकार हेच निमंत्रण असते. वॉशिंग्टनचा मोठा तुकडा ज्याचा त्याने आपल्या हातात धरायचा असतो. तो माणसाला पोटभर देतो, सोबत देतोच असे नाही. यात अमेरिका वाईट आणि आपण चांगले, असा शेरा मारण्याचा हेतू नाही. पिझ्झा वाटून खाण्याचाही पदार्थ आहे. नेपल्सच्या गरिबांनी आणि पुढे न्यूयॉर्कला गेलेल्या इटालियन कामकऱ्यांनी तो सुटा तुकडा विकत घेऊनही खाल्ला. तुकडा सुटा विकला, की त्याची पंगत मोडते, एवढेच. आणि इंदुरातही एकेक जलेबा घेऊन आपले छायाचित्र काढून अर्धी टाकणारे मी पाहिले.

आमच्या सीमाभागात अन्नाचा आकार मोठा करण्याची एकच रीत ठाऊक आहे, ती म्हणजे बोलावणे मोठे करणे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या भागांत वेळ अमावास्या साजरी होते. बोलीत तिला आम्ही येळवस म्हणतो, कन्नडभाषी शेजारी एळ्ळ अमावास्या म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. शेंगा, वाटाणे, तूर, भाज्या घालून केलेली बेसनाची भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, उंडे, भाकरी, गव्हाची खीर असे जेवण असते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने बोलावायचे, वाटेने जाणाऱ्या अनोळख्यालाही हाक मारायची. राज्ये वेगळी झाली, पण येळवसचे बोलावणे कमलनगरहून उदगीरकडे आणि उदगीरहून कमलनगरकडे आजही जाते. त्यासाठी कोणत्या बाजूचा रहिवासी दाखला कोणी मागत नाही. आमची कडक भाकरीही बारा इंचांच्या पिझ्झाएवढीच असते. पाणी पूर्ण आटवल्यामुळे ती जम्बो स्लाइससारखी वाकत नाही, आणि मोडून दिल्याशिवाय खाताही येत नाही.

आता सराफ्याविषयीच एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. हा रात्रीचा बाजार आज निर्धोक नाही. २०२४ आणि २०२५ या वर्षांत तेथील वाद वारंवार वर आला. सराफ व्यापाऱ्यांची तक्रार अशी, की गाड्यांची संख्या बेसुमार वाढली आहे, अरुंद गल्लीत स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या रांगेने उभ्या असतात, उद्या आग लागली तर बंब आत यायचा कोठून? काही जणांनी बाजार दुसरीकडे हलवा, असेही म्हटले. महापालिकेलाही त्यात लक्ष घालावे लागले. आगीच्या धोक्याची तक्रार कोणीही विचारी माणूस खोटी म्हणणार नाही. राजवाडा जळालेला ज्या शहराने पाहिला, त्याला तर हे सांगण्याची गरज नाही. टाक्यांवर मर्यादा हवी, रस्ता मोकळा हवा, गाड्या मोजक्या हव्यात.

परंतु याच वादात दुसरा एक युक्तिवाद पुढे आला. मोमो, चायनीज, पिझ्झा हे बाहेरचे पदार्थ सराफ्यातून काढावेत आणि परंपरागत पदार्थांनाच जागा द्यावी. वरवर पाहता हेही योग्य वाटते. माझ्याही मनाला ते पटकन रुचले, कारण मी जिलेबी खायला गेलो होतो, पिझ्झा नव्हे. पण तेथल्याच एका गाड्यावर साबुदाण्याची खिचडी खाताना मन थबकले. ही खिचडी आता सराफ्याच्या परंपरेत धरली जाते. वर शेव, जिरावन, लिंबू; चव पूर्ण इंदुरी. पण ती मूळची आपल्या उपासाच्या फराळाची. होळकरांबरोबर आलेल्या मराठी घरांनी ती माळव्यात रुजविली. बरे, आपली म्हणावी तर साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला. भुट्टे का कीस माळव्याचा अभिमान. मका अमेरिकेतून आला. मिरची आली तिकडूनच, बटाटाही तिकडूनच. आणि खुद्द जिलेबी? नाव आणि कृती पश्चिम आशियातून आलेली. पंधराव्या शतकातील एका जैन ग्रंथात ती आपल्याकडे रुळलेली दिसते. मग सराफ्यात मूळचा रहिवासी कोण?

सीमेवरच्या आणि सीमेबाहेरच्या मराठी घरांना हा प्रश्न खाण्यापुरता उरत नाही. तुम्ही येथले की बाहेरचे, हे विचारले जाण्याची आपणांस सवय आहे. इंदूरच्या भाचीच्या सासूबाईंना पुण्यात ‘तुमचं मराठी जरा हिंदीसारखं’ असे ऐकावे लागते आणि इंदुरात ‘आप तो महाराष्ट्र की हैं’ असे. त्यांच्या घराण्याची सहावी पिढी इंदुरात नांदते आहे. आम्हां कमलनगरकरांना तर जागेवरून न हलताच हा प्रश्न विचारला जातो. आगंतुक आणि घरचा यांतली रेषा किती उशिरा आणि किती सहज आखली जाते, हे ज्यांना अनुभवाने कळले आहे, त्यांनी तरी दुसऱ्याच्या हातगाडीला ‘तू बाहेरची’ म्हणून हाकलताना दोनदा विचार करावा.

याचा अर्थ सराफ्यात काहीही चालावे, असा नाही. तेथील वृद्ध हलवाई आंबवण रात्रभर सांभाळतो, आच पाहतो, वेळ देतो. त्याच्या शेजारी तयार गोळे आणून तेलात सोडणारा गाडा दुप्पट भाडे देऊन उभा राहिला, तर वृद्धाची जागा जाईल आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही. तिचे रक्षण व्हायला हवे यात शंका नाही. पण ते पदार्थाचा जन्मदाखला पाहून होणार नाही. कोण ताजे करतो, कोण स्वच्छता ठेवतो, कोणाच्या शेगडीने गल्लीला धोका नाही, कोण वर्षानुवर्षे त्याच ओट्यावर टिकून आहे, या कसोट्या अधिक न्याय्य वाटतात. या कसोट्यांना उतरणारा एखादा पिझ्झावालाही पन्नास वर्षांनी सराफ्याच्या परंपरेत गणला जाईल. आणि न उतरणारा जिलेबीवाला परंपरेच्या नावावर तरू नये.

ज्यांना इंदूरला जाण्याचा योग येईल, त्यांच्यासाठी चार व्यावहारिक सूचना. हिवाळ्यात जावे, म्हणजे गराडू मिळतो आणि रात्र सुखाची असते. दुपारचे जेवण हलके ठेवून नऊ-साडेनऊला निघावे. फार उशीर केला तर शनिवारी-रविवारी पाय ठेवायला जागा मिळत नाही. वाहन राजवाड्याच्या अलीकडेच सोडून चालत जावे. लहान मुलांचा हात सोडू नये, कारण गर्दीत उकळत्या तेलाच्या कढया अगदी अंगाजवळ असतात. ताटली-द्रोण रस्त्यावर टाकू नये. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून सतत पहिला क्रमांक मिळविल्याचा त्या शहराला अभिमान आहे, आणि तेथे कागद खाली टाकणाऱ्याला शेजारचा गिऱ्हाईकच टोकतो.

आणि जिलेबी मागण्यापूर्वी चौघे जमवावेत. न जमले, तर शेजारी उभा असलेल्याला विचारावे. तो कोणत्या गावचा, कोणत्या भाषेचा, हे तुकडा मोडून झाल्यावर सावकाश विचारता येते.